मेनफ्रेमवरच्या लिनक्समध्ये डिस्कला नाव कसं मिळतं, आणि त्यातलं कोणतं नाव लिहून ठेवायचं

‘रीबूटच्या आधी डॅझडीबी या नावाखाली डेटाबेसची फाइलसिस्टीम होती. रीबूटनंतर त्याच नावाखाली भलतीच डिस्क दिसते. डेटा गेला का?’

वाचकांकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो. बहुतेक वेळा उत्तर असं असतं की डेटा जिथे होता तिथेच आहे, फक्त नाव सरकलं आहे. धोका पुढे असतो. सरकलेलं नाव न ओळखता कुणी त्यावर फॉर्मॅटची कमांड चालवली, तर मात्र डेटा खरोखरच जातो.

इंटेलच्या सर्व्हरवर लिनक्स शिकून पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सेवा कंपनीत लागलेल्या आणि तिथून बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर नेमणूक झालेल्या अनेकांना ही अडचण येते. वरचं लिनक्स ओळखीचं असतं, पण खालचं यंत्र १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टीम/३६०च्या वंशातलं आहे. डिस्क ओळखण्याची त्याची स्वतःची पद्धत आहे आणि ती चांगली शिस्तीची आहे. ही पद्धत बाजूला ठेवून लिनक्सने दिलेल्या अक्षरावर विसंबलं की गोंधळ सुरू होतो.

वाचण्याआधी एक सूचना. कमांडच्या नावांत जोडरेघा घातल्या आहेत त्या फक्त उच्चार कळावा म्हणून. टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं सलग लिहा. ‘/डेव्ह’ने सुरू होणाऱ्या पूर्ण वाटेत जोडरेघ दिसली तर ती मात्र खरी आहे, ती सोडू नका.

अक्षर येतं कुठून

मेनफ्रेमवर प्रत्येक डिस्कला डिव्हाइस नंबर असतो. तो चार अंकी आणि सोळाच्या पायावरचा असतो, म्हणजे त्यात ० ते ९ आणि ए ते एफ ही अक्षरं येतात. हा नंबर लिनक्स ठरवत नाही. एलपारमध्ये, म्हणजे यंत्राच्या एका स्वतंत्र विभागात, तो यंत्राच्या आयओ कॉन्फिगरेशनमधून येतो. झेड/व्हीएम या आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रणालीखालच्या गेस्टमध्ये तो त्या गेस्टच्या डिरेक्टरी नोंदीतून येतो. लिनक्स तोच नंबर ०.०.०२०० असा दाखवतं. त्यातला शेवटचा भाग म्हणजे डिव्हाइस नंबर, मधलं शून्य म्हणजे सबचॅनेल सेट, पहिलं शून्य म्हणजे चॅनेल सबसिस्टीम. या पूर्ण रूपाला बस-आयडी म्हणतात. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती बस-आयडी असू द्या.

मेनफ्रेमच्या डिस्कला डॅझडी म्हणतात, आणि अक्षर देतो तिचा ड्रायव्हर. एखादी डिस्क त्याच्या समोर पहिल्यांदा आली की तो पुढचं रिकामं अक्षर तिला देतो. पहिली डॅझडीए, दुसरी डॅझडीबी, असं झेडपर्यंत. मग डॅझडीएए सुरू होतं. एका अक्षराची २६ नावं, दोन अक्षरांची ६७६, म्हणजे ७०२ डिस्कांनंतर तीन अक्षरी नावं येतात. ड्रायव्हरचा मेजर नंबर ९४ आहे आणि प्रत्येक डिस्कला चार मायनर नंबर मिळतात. एक पूर्ण डिस्कसाठी, तीन पार्टिशनसाठी. म्हणून डॅझडीए ९४:० असते आणि डॅझडीबी ९४:४. डॅझडीवर तीनपेक्षा जास्त पार्टिशन का करता येत नाहीत, याचं कारणही हेच आहे.

थोडक्यात, अक्षर म्हणजे हजेरीचा क्रम. तो पुढील कारणांनी बदलतो:

- आधीच्या नंबरांपेक्षा लहान नंबराची नवी डिस्क जोडली आणि बूटच्या वेळी ती आधी ऑनलाइन आली.
- कर्नलच्या ‘डॅझडी=’ या पॅरामीटरमधली यादी कुणी बदलली. तिथे लिहिलेल्या क्रमानेच अक्षरं वाटली जातात.
- रूटची डिस्क इनिट-रॅम-एफएसमधून आधी येते, बाकीच्या नंतर. एखादी डिस्क या गटातून त्या गटात गेली.
- पीएव्हीचे एलियास, म्हणजे एकाच डिस्कचे जादा समांतर पत्ते, ऑनलाइन आले. त्यांना ब्लॉक डिव्हाइस नसतं, तरी मधली अक्षरं त्यांच्यापायी वगळली जाऊ शकतात.

एका फसव्या चाचणीपासून सावध राहा. बरेच जण डिस्क ऑफलाइन करतात, परत ऑनलाइन करतात, तेच अक्षर मिळालं की समाधान मानतात. ड्रायव्हर एकदा दिलेलं अक्षर त्या बस-आयडीसाठी चालू सत्रात राखून ठेवतो, त्यामुळे तेच मिळणार. रीबूटनंतर तेच मिळेल याची त्यावरून कसलीही हमी मिळत नाही.

एलएस-डॅझडीची ओळ नीट वाचा

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी एलएस-डॅझडी चालवा. त्यातली एक ओळ साधारण अशी दिसते:

०.०.०२००   ॲक्टिव्ह   डॅझडीए   ९४:०   ईसीकेडी   ४०९६   ७०४३एमबी   १८०३०६०

पहिला रकाना बस-आयडी, दुसरा स्थिती, तिसरा सध्याचं अक्षर. सगळ्यांची नजर तिसऱ्या रकान्यावर जाते. तुम्ही पहिल्या आणि शेवटच्या रकान्यावर ठेवा. शेवटचा आकडा ब्लॉकचा आहे. ३३९० प्रकारच्या डिस्कवर एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक असतात आणि ४०९६ बाइटचे १२ ब्लॉक एका ट्रॅकवर बसतात. म्हणजे सिलिंडरमागे १८० ब्लॉक. १८०३०६०ला १८०ने भागलं की १००१७ येतात, आणि १००१७ सिलिंडर म्हणजे ३३९० मॉडेल ९. मॉडेल ३ असती तर ३३३९ सिलिंडर आणि ६०१०२० ब्लॉक दिसले असते. स्टोरेजवाल्यांनी तुम्हाला मागितलेलीच डिस्क दिली आहे का, हे या भागाकाराने अर्ध्या मिनिटात कळतं. मेनफ्रेमची जुनी मंडळी डिस्कची मापं सिलिंडरमध्ये सांगतात, जीबीमध्ये नाही. त्यांच्याशी बोलायलाही हा हिशोब उपयोगी पडतो.

स्थितीच्या रकान्यात ‘एन/एफ’ दिसलं तर डिस्क लो-लेव्हल फॉर्मॅट झालेली नाही. कंसात ‘आरओ’ दिसलं तर ती फक्त वाचण्यापुरती आहे. ‘एलियास’ दिसलं तर ती स्वतंत्र डिस्कच नाही, तिच्यावर काही करायला जाऊ नका.

नवी डिस्क घेण्याचा क्रम

१. आधी लेखी माहिती घ्या. बस-आयडी, व्होलसर (डिस्कवर लिहिलेलं तिचं लेबल), सिलिंडर आणि ती आणखी कुठल्या एलपारला किंवा गेस्टला दिसते, या चार गोष्टी. तोंडी सांगितलेल्या नंबरावर काम सुरू करू नका.

२. डिस्क लिनक्सला दिसते का ते पाहा. अनेक इन्स्टॉलेशनमध्ये सीआयओ-इग्नोअरची यादी चालू असते, आणि यादीतली उपकरणं लिनक्स बघतच नाही. डिस्क जोडली आहे असं सिस्टीम प्रोग्रामर शपथेवर सांगतो, तुम्हाला ती दिसत नाही, आणि दोघेही खरं बोलत असतात. अशा वेळी सीआयओ-इग्नोअर या कमांडला ‘-आर’ आणि बस-आयडी देऊन ती यादीतून काढा. मूळ नावात सीआयओ आणि इग्नोअर यांच्यामध्ये अंडरस्कोर आहे. झेड/व्हीएमखाली असाल तर व्हीएम-सीपी या कमांडमधून ‘क्यू व्ही डॅझडी’ विचारा. गेस्टला झेड/व्हीएमच्या बाजूने काय काय दिलं आहे ते तिथे दिसेल.

३. ऑनलाइन करा. फक्त आत्तापुरतं हवं असेल तर सीएच-सीसीडब्ल्यू-डेव्ह ‘-ई’ ०.०.०२०१. आत्ता आणि रीबूटनंतरही हवं असेल तर सीएच-झेड-डेव्ह ‘-ई’ डॅझडी ०.०.०२०१. पहिली कमांड चालवून काम झालं असं समजणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. डिस्क महिनोन्महिने सुरळीत चालते आणि पहिल्याच रीबूटला गायब होते, कारण कायमची नोंद कुणी केलेलीच नसते. कायमची नोंद आहे का, हे एलएस-झेड-डेव्हमध्ये ‘पर्सिस्टंट’च्या रकान्यात दिसतं.

४. फॉर्मॅट करा. डॅझडी-एफएमटी, ब्लॉकचं माप ४०९६, लेआउट सीडीएल. एलडीएल हा जुना लेआउट आहे, त्यात एकच पार्टिशन मिळतं. तो निवडण्याचं कारण आज सहसा नसतं. सीडीएल निवडलात तर झेड/ओएस या मेनफ्रेमच्या मुख्य प्रणालीच्या बाजूलाही ही डिस्क ओळखता येते आणि रिकामी समजून कुणी घेण्याची शक्यता कमी होते.

५. पार्टिशन आणि फाइलसिस्टीम. एकच पार्टिशन हवं असेल तर एफ-डॅझडी ‘-ए’ पुरेसं. नेहमीचं एफडिस्क इथे चालत नाही. पुढे एमकेएफएस नेहमीसारखंच.

६. एफएसटॅबमध्ये नोंद करा. कोणत्या नावाने करायची, ते पुढे सविस्तर सांगतो.

७. रूट किंवा बूटशी संबंध असेल तर आणखी दोन पावलं. रूटचा व्हॉल्यूम ग्रुप नव्या डिस्कवर वाढवला असेल, तर ती डिस्क बूटच्या सुरुवातीलाच मिळायला हवी. रेड हॅटच्या अनेक आवृत्त्यांत त्यासाठी ‘आरडी.डॅझडी=’ हे बूट पॅरामीटर लागतं. बाकीच्या डिस्का ‘/ईटीसी/डॅझडी.कॉन्फ’मध्ये लिहिल्या जातात. सूझे आणि उबुंटूवर सीएच-झेड-डेव्ह ते काम करतं. नंतर इनिट-रॅम-एफएस नव्याने बनवा आणि झिपल चालवा. बूट कुठून करायचं याची नोंद झिपल डिस्कवर लिहितं. ते चालवायला विसरलात, तर तुम्ही केलेला बदल पुढच्या बूटला नसल्यातच जमा.

डॅझडी-एफएमटीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ही कमांड काम सुरू करण्याआधी ती काय करणार आहे ते छापते. किती सिलिंडर, किती ट्रॅक, ब्लॉकचं माप किती, आणि त्यातच ‘डिव्हाइस नंबर ऑफ डिव्हाइस’ अशी एक ओळ असते. मग डिस्कवरचं सगळं जाईल असा इशारा देऊन ‘येस’ टाइप करायला सांगते. त्या ओळीतला नंबर लेखी माहितीतल्या नंबराशी एकेक अंक जुळवा, मगच ‘येस’ लिहा. हा प्रश्न टाळण्यासाठी ‘-वाय’ हा पर्याय आहे. स्क्रिप्टमध्ये तो वापरणं मला मान्य नाही. निदान अक्षरी नावाबरोबर तरी तो कधीही वापरू नका. कमांडला डॅझडीबी न देता ‘/डेव्ह/डिस्क/बाय-पाथ/सीसीडब्ल्यू-०.०.०२०१’ ही वाट दिली, तर नाव सरकल्यामुळे चुकीची डिस्क उडण्याची शक्यता मुळातच राहत नाही.

कायमस्वरूपी नाव कोणतं निवडायचं

‘/डेव्ह/डिस्क’ या डिरेक्टरीत एकाच डिस्कची अनेक नावं तयार असतात. ती यूडेव्ह बनवतं आणि दर बूटला योग्य अक्षराकडे वळवतं. यातलं कोणतं निवडायचं हे एका प्रश्नावर ठरतं: पुढे या सिस्टीमचं काय होणार आहे? तिची नक्कल काढली जाणार, डिस्क बदलली जाणार, की दुसऱ्या डेटासेंटरला हलवली जाणार?

बाय-पाथ. हे नाव बस-आयडीवरून बनतं. एफएसटॅबमधली ओळ अशी होईल:

/डेव्ह/डिस्क/बाय-पाथ/सीसीडब्ल्यू-०.०.०२०१-पार्ट१   /डेटा   एक्सएफएस   डिफॉल्ट्स   ०   ०

झेड/व्हीएमखाली डॅझडी वापरत असाल, तर माझी शिफारस स्पष्टपणे हीच आहे. तिथे डिव्हाइस नंबर आभासी असतो. मूळ गेस्टमध्ये ०२०० आणि ०२०१ असतील, तर नकललेल्या गेस्टमध्येही तेच नंबर देता येतात, खालची खरी डिस्क कुठलीही असो. त्यामुळे एक सोन्यासारखी प्रतिमा बनवून तिच्यावरून वीस गेस्ट उभे केले, तरी एफएसटॅबला हात लावावा लागत नाही. आपत्कालीन स्थळावरही झेड/व्हीएमच्या डिरेक्टरीत तेच आभासी नंबर ठेवले की काम भागतं.

बाय-आयडी. यात दोन प्रकारची नावं सापडतात. एक स्टोरेज बॉक्सच्या ओळखीवरून बनतं, म्हणजे निर्माता, सीरियल नंबर, बॉक्समधली जागा यांवरून. दुसरं व्होलसरवरून बनतं. पहिल्या प्रकारचं नाव खऱ्या डिस्कला घट्ट बांधलेलं असतं. डेटा नव्या बॉक्सवर हलवला की नाव बदलतं आणि सिस्टीम उठत नाही. काही इन्स्टॉलर हेच नाव आपोआप लिहून मोकळे होतात, त्यामुळे नक्कल काढण्यापूर्वी एफएसटॅब उघडून पाहाच. व्होलसरच्या बाबतीत उलटी अडचण येते. तुम्ही वेगळं नाव दिलं नाही, तर डॅझडी-एफएमटी डिव्हाइस नंबरावरूनच ०एक्स०२०१ असा व्होलसर देतं. मग वीस गेस्टच्या वीस डिस्कांचा व्होलसर एकच होतो. त्यातल्या दोन डिस्का कधी एका गेस्टमध्ये आल्या, तर त्या नावाची वाट नेमकी कोणत्या डिस्ककडे जाईल हे सांगता येत नाही.

बाय-यूयूआयडी. इंटेलच्या जगातून येणाऱ्यांची सवय हीच असते, आणि ती वाईट नाही. एलपारमध्ये एकट्याने चालणाऱ्या, नक्कल न होणाऱ्या सिस्टीमला यूयूआयडी उत्तम. पण फ्लॅशकॉपीने किंवा डीडीआरने काढलेल्या नकलेत यूयूआयडीसुद्धा जशीच्या तशी उतरते. बॅकअप तपासायला म्हणून नक्कल त्याच गेस्टला जोडली की एकच यूयूआयडी असलेल्या दोन फाइलसिस्टीम समोर येतात. एक्सएफएस अशी दुसरी प्रत माउंट करायला नकार देतं, आणि तो नकार तुमच्या भल्याचा असतो. तपासण्यापुरतं माउंट करायचं असेल तर ‘नो-यूयूआयडी’ हा पर्याय द्या, सोबत फक्त वाचण्याचं बंधन घाला. प्रत कायम ठेवायची असेल तर तिची यूयूआयडी बदला.

एलव्हीएम. व्हॉल्यूम ग्रुप वापरत असाल तर एफएसटॅबमध्ये लॉजिकल व्हॉल्यूमचंच नाव लिहा. खालची अक्षरं सरकली तरी एलव्हीएमला फरक पडत नाही, कारण ते डिस्कवरची आपली खूण वाचतं. नकलेच्या बाबतीत मात्र यूयूआयडीसारखाच पेच पडतो. नक्कल त्याच सिस्टीमला जोडणार असाल तर व्हीजी-इंपोर्ट-क्लोन वापरा.

काही ठिकाणी ‘डॅझडी=’ पॅरामीटरमध्ये डिस्कांची यादी लिहून अक्षरं गोठवलेली दिसतात. यादीत नसलेल्या नंबरांसाठी जागा राखून क्रम टिकवण्याची युक्तीही असते. जुनी सिस्टीम तशी चालत असेल तर मध्येच मोडू नका. नव्या सिस्टीमवर मात्र हा मार्ग धरू नका, कारण यादीच्या मध्यावर कुणी एक नंबर घातला की पुढची सगळी अक्षरं सरकतात.

या नंबरांना हात लावू नका

झेड/व्हीएमच्या गेस्टला लिनक्सच्या डिस्कांखेरीज सीएमएस या झेड/व्हीएमच्या स्वतःच्या छोट्या प्रणालीच्याही डिस्का जोडलेल्या असतात. नेहमीचे नंबर ०१९०, ०१९१, ०१९डी आणि ०१९ई. यातली ०१९१ ही त्या गेस्टची स्वतःची डिस्क. लिनक्स सुरू करून देणारी प्रोफाइल एक्झेक फाइल सहसा तिथेच असते. बाकीच्या तीन सर्वांच्या सामाईक असतात आणि फक्त वाचण्यापुरत्या मिळतात. सगळ्या डिस्का आपोआप ऑनलाइन घेण्याची सेटिंग चालू असेल तर या चौघी आधी हजेरी लावतात आणि तुमची पहिली खरी डिस्क डॅझडीई होऊन बसते. अशा सिस्टीमवर ‘डॅझडीए म्हणजे रूट’ असं गृहीत धरून चालवलेली स्क्रिप्ट थेट सीएमएसच्या डिस्कवर जाते. म्हणून आपोआप ओळखण्याची सेटिंग बंद ठेवा आणि हव्या त्याच डिस्कांची कायमची नोंद करा.

स्वॅपसाठी झेड/व्हीएमची आभासी डिस्क मिळाली असेल, तर ती एफबीए प्रकारची असते. नाव डॅझडीचंच मिळतं, पण डॅझडी-एफएमटी तिच्यावर चालवायचं नसतं. गेस्ट लॉगऑफ झाला की तिच्यातलं सगळं जातं, स्वॅपची खूणही. म्हणून तिची ओळख यूयूआयडीने ठेवू नका. बाय-पाथ लिहा आणि बूटच्या वेळी एमके-स्वॅप चालेल अशी व्यवस्था करा.

फायबर चॅनेलच्या डिस्कांना वेगळा नियम

मेनफ्रेमवर एससीएसआय डिस्कही जोडता येतात. त्यांचा ड्रायव्हर झेड-एफसीपी आहे आणि नावं ओळखीची एसडीए, एसडीबी अशी मिळतात. इथे डिस्कचा पत्ता तीन भागांचा होतो: एफसीपी उपकरणाचा बस-आयडी, स्टोरेजच्या पोर्टचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन, आणि लन.

आधी दिलेला सल्ला इथे उलटा होतो. डॅझडीला एकाहून अधिक वाटा असतात, आठपर्यंत, पण त्या चॅनेल सबसिस्टीम सांभाळतं. लिनक्सला एकच डिस्क दिसते. एससीएसआयमध्ये प्रत्येक वाट वेगळी डिस्क म्हणून समोर येते. एकच लन दोन वाटांनी एसडीए आणि एसडीबी अशा दोन नावांनी दिसतो. त्यामुळे इथे एफएसटॅबमध्ये बाय-पाथ लिहिलं, तर तुम्ही स्वतःला एकाच वाटेला बांधून घेता. ती वाट तुटली की दुसरी चालू असूनही फाइलसिस्टीम बंद पडते. मल्टिपाथ चालू करा आणि ‘/डेव्ह/मॅपर’मधलं नाव वापरा. एमपाथए, एमपाथबी ही सोपी नावं ‘बाइंडिंग्ज’ या फाइलमधल्या क्रमावर ठरतात. फाइल हरवली किंवा इनिट-रॅम-एफएसमध्ये जुनी राहिली तर तीही सरकतात. डब्ल्यूडब्ल्यूआयडी हेच नाव ठेवा, किंवा मल्टिपाथच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक डब्ल्यूडब्ल्यूआयडीला स्वतः टोपणनाव लिहून द्या.

एनपीआयव्ही, म्हणजे प्रत्येक एफसीपी उपकरणाला स्वतःचा वेगळा डब्ल्यूडब्ल्यूपीएन देणारी सोय, चालू असेल तर तुम्हाला दिलेले लन आपोआप शोधले जातात. ते बंद असेल तर प्रत्येक लनची नोंद सीएच-झेड-डेव्हने करावी लागते. कोणता प्रकार आहे ते स्टोरेजच्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

नकार देण्याचा तुमचा हक्क

मेनफ्रेमची डिस्क एकाच वेळी अनेक एलपारना ऑनलाइन असू शकते. तुमच्या लिनक्समध्ये ती माउंट झालेली नाही, म्हणजे ती मोकळी आहे असं नाही. शेजारच्या एलपारमध्ये झेड/ओएस तिच्यावर लिहीत असू शकतं. एलएस-डॅझडीला होस्ट-ॲक्सेसची यादी विचारता येते, आणि डॅझडी-एफएमटीला ‘-सी’ मोठ्या अक्षरात देऊन इतर होस्टनी डिस्क उघडली आहे का हे तपासायला लावता येतं. दोन्ही सोयी स्टोरेजने साथ दिली तरच काम करतात, म्हणून माणसाला विचारणं चुकवू नका.

- व्होलसर आणि बस-आयडी लेखी मिळेपर्यंत फॉर्मॅट न करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. घाई कितीही असो.
- दुसऱ्या एलपारला डिस्क दिसत असेल तर तिथल्या जबाबदार माणसाची संमती मागा.
- बदलाच्या विनंतीत अक्षरी नाव लिहून आलं असेल तर ती परत पाठवा आणि बस-आयडीने लिहून मागा.
- डिस्क काढून घ्यायची असेल तर आधी अनमाउंट करा, मग सीएच-सीसीडब्ल्यू-डेव्हचा ‘सेफ-ऑफलाइन’ पर्याय वापरा. तो राहिलेलं लिखाण पूर्ण करून मगच डिस्क सोडतो.

यासाठी लागणारी आयबीएमची ड्रायव्हरविषयक पुस्तिका मोफत वाचता येते आणि एस३९०-टूल्सचा स्रोतही खुला आहे.

मशीन उठलंच नाही तर

एफएसटॅबमधल्या एका चुकीच्या नावामुळे सिस्टीमडी इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं. त्या वेळी नेटवर्क नसतं, हाती असतो तो एचएमसीचा, म्हणजे यंत्राच्या व्यवस्थापन कन्सोलचा, किंवा झेड/व्हीएमचा ओळीओळीने चालणारा कन्सोल. तिथे व्हीआय चालत नाही, आणि नवी मंडळी नेमकी इथेच हतबल होतात. एसईडी किंवा ईडी वापरा. रूट फक्त वाचण्यापुरतं माउंट असेल तर आधी ते लिहिण्यायोग्य करून पुन्हा माउंट करा, मग एसईडीने नडणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला हॅश घाला आणि रीबूट करा. झेड/व्हीएमच्या पडद्यावर खाली उजवीकडे ‘मोर’ दिसलं तर सिस्टीम अडकलेली नसते. क्लिअरची कळ दाबा, पुढचा मजकूर येईल. बाहेर पडताना लॉगऑफ करू नका, डिस्कनेक्ट करा. लॉगऑफने अख्खा गेस्ट बंद पडतो.

तेवढ्यानेही जमलं नाही तर गेस्ट बंद करून त्याची रूट डिस्क दुसऱ्या चालू गेस्टला वेगळ्या नंबरावर लिंक करून घ्या, तिथे माउंट करून फाइल दुरुस्त करा आणि लिंक सोडा. मूळ गेस्ट चालू असताना हे कधीही करू नका. एकाच फाइलसिस्टीमवर दोन लिनक्स लिहू लागली तर ती वाचत नाही.

हे टाळण्यासाठी रूट सोडून बाकीच्या, सिस्टीम उठायला अत्यावश्यक नसलेल्या डिस्कांच्या ओळीत ‘नोफेल’ लिहून ठेवा. डिस्क मिळाली नाही तरी मशीन उठेल आणि तुम्हाला नेहमीसारखं लॉगिन करून दुरुस्ती करता येईल. डेटाबेस मात्र माउंट झालं आहे याची खात्री करूनच सुरू होईल असं बघा, नाहीतर तो रिकाम्या डिरेक्टरीत लिहायला लागेल.

आपल्या ताब्यातल्या सिस्टीमवर आज एवढं करा. एफएसटॅब, क्रिप्टटॅब, झिपलचं कॉन्फिगरेशन, एलव्हीएमचा फिल्टर, मल्टिपाथची वगळायची यादी, बॅकअपच्या स्क्रिप्ट आणि डेटाबेसचे यूडेव्ह नियम या सात ठिकाणी डॅझडी किंवा एसडी या अक्षरांपुढे एखादं अक्षर जोडून लिहिलेलं नाव शोधा. डॅझडीचं नाव सापडेल तिथे एलएस-डॅझडी बघून त्याचा बस-आयडी, एसडीचं सापडेल तिथे त्याचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी शेजारी लिहून ठेवा, आणि पुढच्या मेंटेनन्सच्या वेळेत ती नावं बदलून घ्या. बदल झाल्यावर एक रीबूट त्याच वेळेत, सर्व संबंधित माणसं जागेवर असताना करा.